सिस्टिम्स थिंकिंगचा पहिला अभ्यासक्रम: लूपआधी साठा

सिस्टिम्स थिंकिंग म्हणजे घटकांचे एकमेकांवरील परिणाम लक्षात घेऊन संपूर्ण प्रणालीचा विचार करण्याची पद्धत. तिचा महाविद्यालयातील प्राथमिक अभ्यासक्रम वरवर सोपा वाटतो. गणित बेताचेच असते, व्याख्या मोजक्या असतात आणि चार शब्द बाणांनी जोडून वर्तुळ काढणे कोणालाही जमते. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांतच विद्यार्थी कोणत्याही विषयावर बाणांचे जाळे विणू लागतो. मात्र ते जाळे काळाच्या ओघात कसे वागेल, असे विचारले की त्याला उत्तर सुचत नाही. हे टाळायचे असेल तर फीडबॅक लूपच्या, म्हणजे परिणाम फिरून कारणावरच येतो अशा वर्तुळांच्या, आकृत्यांकडे वळण्याआधी काळानुसार होणाऱ्या बदलाचा आलेख काढण्याची सवय लावून घ्यावी आणि साठा व प्रवाह यांतील फरक पक्का करावा. अभ्यासक्रमात या भागाला सहसा एखाद-दुसरा तास मिळतो. स्वतःच्या अभ्यासात त्याला त्याहून बराच जास्त वेळ द्यावा.

कोणतीही समस्या हाती आली की प्रथम आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर आपल्याला चिंता वाटणारी राशी घेऊन ओबडधोबड का होईना, रेषा काढावी. ही राशी सतत वाढते आहे, वाढून एका पातळीवर स्थिरावते आहे की वरखाली हेलकावते आहे, एवढे तरी त्या रेषेतून स्पष्ट झाले पाहिजे. आपण पुढे जी रचना मांडणार असतो, ती याच रेषेचे स्पष्टीकरण असते.

साठा म्हणजे एखाद्या क्षणी मोजता येईल असा संचय आणि प्रवाह म्हणजे त्यात ठरावीक कालावधीत होणारी आवक किंवा जावक. व्याख्या पाठ होते, पण ती अंगवळणी पडायला कागदावर आकडेमोड करावी लागते. एका टाकीत 100 लिटर पाणी आहे असे धरा. पहिल्या मिनिटाला 10 लिटर पाणी आत येते आणि 5 लिटर बाहेर जाते. जावक तेवढीच ठेवून आवक दर मिनिटाला 1 लिटरने कमी करत न्यावी. पातळी 105, 109, 112, 114, 115 अशी चढत जाते, आवक 5 लिटरवर येते त्या सहाव्या मिनिटात ती 115 वरच राहते आणि त्यानंतर उतरू लागते. आवक सुरुवातीपासून घटत असताना साठा पाच मिनिटे वाढतच होता, ही गोष्ट तक्त्यात स्वतः मांडून पाहावी. यात अवघड काय, असे वाटणे साहजिक आहे; पण अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अशाच स्वरूपाचे प्रश्न दिले गेले, तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी साठ्याचा आलेख प्रवाहाच्या आलेखासारखाच काढून ठेवला होता. कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन आजच्या पातळीवर स्थिर केले की वातावरणातील त्याचे प्रमाणही स्थिर होईल, हा समज याच चुकीतून येतो. वातावरणातून जेवढा वायू शोषला जातो त्यापेक्षा जास्त सोडला जात असेल, तोवर प्रमाण वाढतच राहणार.

यानंतर लूपच्या आकृत्या काढाव्यात. प्रत्येक घटकाचे नाव कमी-जास्त होऊ शकेल अशा राशीचे असावे. म्हणजे ‘ताण वाढणे’ असे न लिहिता ‘कामाचा ताण’ असे लिहावे. कारण आणि परिणाम एकाच दिशेने बदलत असतील तर बाणावर अधिक चिन्ह, उलट दिशेने बदलत असतील तर उणे चिन्ह द्यावे. लूपमधील उणे चिन्हांचे बाण मोजावेत: संख्या शून्य किंवा सम असेल तर लूप वर्धक (बदल आणखी वाढवत नेणारा), विषम असेल तर संतुलक (बदलाला आवर घालणारा). हा नियम उपयोगी आहे, पण बाणावरील चिन्हाचा अर्थ बहुतेक जण अर्धवटच शिकतात. ‘जन्म’ ते ‘लोकसंख्या’ या बाणावर अधिक चिन्ह असते. याचा अर्थ जन्म कमी झाले की लोकसंख्या घटते, असा नव्हे. जन्म मृत्यूंपेक्षा जास्त आहेत तोवर ती वाढतच राहते. फक्त अन्यथा जेवढी झाली असती, त्यापेक्षा कमी राहते. ज्याने टाकीचा तक्ता मन लावून केला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी कळीची गोष्ट म्हणजे विलंब. संतुलक लूपमध्ये कृती आणि परिणाम यांच्यात बराच काळ जात असेल, तर माणूस परिणाम दिसेपर्यंत कृती वाढवत नेतो आणि मग प्रमाणाबाहेर गेल्यावर उलट दिशेने तीच चूक करतो. हे अनुभवता यावे यासाठी बहुतेक अभ्यासक्रमांत बिअर गेम हा बिअरच्या पुरवठा साखळीचा खेळ खेळवतात. जे फॉरेस्टर हे विद्युत अभियंते 1956 मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले आणि तेथे त्यांनी सिस्टिम डायनॅमिक्स हे साठे, प्रवाह आणि लूप यांवरून प्रणालीचे काळानुसार वागणे अभ्यासणारे शास्त्र उभे केले. हा खेळ त्याच परंपरेतला. त्यात किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशी चौघांची साखळी असते. ग्राहकांची मागणी सहसा सुरुवातीला आठवड्याला 4 पेट्या असते आणि ती एकदाच 8 वर जाऊन तेथेच राहते. तरीही साखळीत आधी टंचाई आणि मग मालाचे ढीग अशा लाटा उठतात, आणि त्या कारखान्याकडे जाताना मोठ्या होतात. खेळताना प्रत्येक फेरीत आपण किती मागणी नोंदवली आणि का, हे एका ओळीत लिहून ठेवावे. मागवलेला पण अजून वाटेत असलेला माल आपण हिशेबात धरत नव्हतो, हे नंतरच्या चर्चेत त्या नोंदींवरूनच दिसते. नोंदी नसतील तर प्रत्येक जण दोष शेजाऱ्यावर ढकलून मोकळा होतो.

वारंवार आढळणाऱ्या रचनांचे नमुने परीक्षेपुरते पाठ करायला हरकत नाही. मात्र आधी नमुना निवडून मग समस्या त्यात कोंबणे ही वाईट सवय आहे आणि परीक्षकाला ती लगेच ओळखू येते. परीक्षेत एखादा उपाय का फसला असे विचारले असेल, तर आलेख, साठा, त्याची आवक-जावक, त्यांवर चालणारे लूप आणि विलंब या क्रमाने उत्तर लिहावे. उपाय सुचवायचा तो त्यानंतर.

प्रकल्पासाठी गरिबी, शिक्षण, पर्यावरण असे अवाढव्य विषय घेऊ नयेत. ज्यातला साठा प्रत्यक्ष मोजता येतो, असा विषय घ्यावा: तपासायचे राहिलेले अर्ज, दवाखान्यातली प्रतीक्षायादी, वसतिगृहातल्या वापरात असलेल्या सायकली. प्रणालीची सीमा प्रश्नावरून ठरवावी. एखादा घटक वगळल्याने आलेखाचा आकार बदलत नसेल, तर तो खुशाल वगळावा. व्हेन्सिम किंवा स्टेला यांसारखे प्रारूप (मॉडेल) चालवणारे सॉफ्टवेअर वापरण्याआधी पहिल्या दहा टप्प्यांचे आकडे हाताने किंवा स्प्रेडशीटवर काढावेत आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहावे. शेवटी प्रारूपाला टोकाच्या परिस्थितीत चालवून बघावे: आवक शून्य केल्यावर प्रतीक्षायादीतील रुग्णांची संख्या उणे दाखवली जात असेल, तर जावक साठ्यावर अवलंबून ठेवायची राहून गेली आहे, तो दुवा जोडूनच प्रकल्प सादर करावा.