घरच्या सर्व्हरसाठी मिनी पीसी घेताय? या चुका टाळा

घरचा सर्व्हर दिवसाचे बावीस-तेवीस तास नुसता बसून असतो. रात्री मोबाइलमधल्या फोटोंचा बॅकअप, संध्याकाळी आईने टीव्हीवर लावलेला जुना सिनेमा, अधूनमधून कुणाला तरी हवी असलेली एखादी स्कॅन केलेली पावती, संपलं काम. तरी मशीन निवडताना आपण ते किती जोरात पळतं हेच बघतो. बसल्या बसल्या किती वीज खातं, किती गुणगुणतं आणि लाइट जाऊन आल्यावर आपलं आपण उठतं का, हे विचारायचं राहून जातं.

टीडीपीवरून वीजबिल काढणं

टीडीपी म्हणजे प्रोसेसरच्या माहितीपत्रकातला वॅटचा आकडा. इंटेल एन१०० या प्रोसेसरची टीडीपी ६ वॅट, ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मिनी पीसींमधल्या आय५-८५००टी या प्रोसेसरची ३५. म्हणजे दुसरा सहापट वीज खाणार, असा हिशेब मीही मांडला होता. पण टीडीपी हा कूलर बसवणाऱ्यासाठीचा आकडा आहे. चिप सलग कामाला जुंपली तर किती उष्णता बाहेर काढावी लागेल, एवढंच तो सांगतो. रॅम, एसएसडी, ॲडाप्टरमध्ये वाया जाणारी वीज त्यात धरलेलीच नसते. प्लगला लावायचं मीटर आणून मोजलं, तेव्हा माझा ८५००टी रिकामा असताना १२ वॅटवर होता आणि मित्राचा एन१०० ८ वर. १ वॅट वर्षभर चालला की ८.७६ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर ४ वॅटचा फरक वर्षाला साधारण ३५० रुपये. तेवढ्यासाठी पाच हजार जास्त मोजायचे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मोजले नाहीत.

महागात पडतो तो माळ्यावरचा जुना टॉवर, ‘पडूनच आहे की, फुकटात होतंय’ म्हणून खाली काढलेला. तो रिकामा बसून ६० वॅट खात असेल तर वर्षाचे ५२५ युनिट, म्हणजे सव्वापाच हजार रुपये. शिवाय बिलात हे युनिट नेमके वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात.

मिनी पीसी घेऊनही मीटर २० वॅटच्या खाली उतरत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगांत, सी-स्टेट (रिकाम्या प्रोसेसरला झोपवणारी सोय) आणि एएसपीएम (आतल्या कार्डांच्या जोडण्यांची वीज वाचवणारी सोय) बंद तर नाहीत ना ते बघा. लिनक्सवर पॉवरटॉप हा वीजवापर दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. त्यात ‘पॅकेज’ची, म्हणजे अख्ख्या चिपची, नोंद सी२-सी३च्या पुढे (आकडा मोठा तितकी झोप गाढ) सरकत नसेल, तर कुठलं तरी एक उपकरण अख्ख्या चिपला झोपू देत नाहीये. बऱ्याचदा ते नेटवर्क कार्ड किंवा स्वस्तातली एनव्हीएमई एसएसडी असते. यूएसबीला लावलेलं सगळं काढून एकेक परत जोडत गेलात की चोर सापडतो.

पंखा नाही म्हणजे कटकट मिटली असं समजणं

बिनपंख्याच्या मशीनमध्ये बाहेरचं धातूचं कवचच उष्णता सोडतं. ते टीव्हीखालच्या बंद कपाटात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवून कोंबलं, की मे महिन्यात विदर्भात काय, पुण्यातही त्याचा तवा होतो. प्रोसेसर स्वतःला हळू करून निभावून नेतो. तळाशी चिकटलेली एसएसडी मात्र शिजत राहते. बिनपंख्याचं घ्यायचंच असेल तर चारही बाजूंनी मोकळी जागा द्या. मला विचाराल तर आपल्या उन्हाळ्यात हळू फिरणारा पंखा बरा.

पंख्याचा त्रास सतत फिरण्यापेक्षा वर-खाली होण्याचा असतो. आमच्याकडे आठ दिवसांत आईने विचारलं, ‘‘हे काय रे, डास शिरलाय का याच्यात?’’ दर दोन मिनिटांनी आवाज चढायचा आणि उतरायचा. खोललं तर जाळीवर धुळीची गोधडी, आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) डबीत वाळलेल्या चुन्यासारखी पापुद्रे धरून. ब्रश, नवी पेस्ट आणि बायोसमध्ये फॅनचं सेटिंग ‘क्वाएट’. डास गेला. ऑफिसात पाच-सहा वर्षं राबलेलं मशीन घेतलं की हे काम पहिल्याच दिवशी उरकावं. दुसरा आवाज साडेतीन इंची हार्ड डिस्कचा. ती लाकडी फळीवर ठेवली तर फळीच वाजते. खाली जाड रबर घाला.

‘आय५ म्हणजे आय५’ असं धरून चालणं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११साठी इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी पिढी लागते (८५००टीमधला पहिला ८ म्हणजे पिढी), त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइनपर्यंत स्वस्तात मिळतात. लिनक्सचं त्यावाचून काही अडत नाही. पण या दोन पिढ्यांत एक मोठा फरक आहे: १० बिट एचईव्हीसी (बऱ्याच ४के सिनेमांचा फाइल-प्रकार) व्हिडिओ सातव्या पिढीची चिप हार्डवेअरमध्ये पूर्ण उलगडते, सहावीला ते धड जमत नाही. जेलीफिनवर (घरच्या सर्व्हरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारा प्रोग्रॅम) ४के सिनेमे बघणार असाल तर ६५००टी सोडून ७५००टी घ्या. नुसते फोटो आणि फाइली असतील तर दोन्ही सारखेच. एव्ही१ हा आणखी नवा व्हिडिओ-प्रकार हवा असेल तर मात्र एन१००.

दुकानातच बायोस उघडून पासवर्ड नाही ना बघा आणि मूळ ॲडाप्टर मागून घ्या. काही कंपन्यांची मशीन परका ॲडाप्टर ओळखतात आणि रुसून हळू चालतात.

लाइट जाऊन आली की काय होतं, हे न तपासणं

गणपतीला कोकणात गेलो होतो. जाण्याआधी बायोसमध्ये ‘वीज आली की चालू हो’ हे सेटिंग आठवणीने केलं होतं. दुसऱ्या दिवशी घरची लाइट गेली, आली, आणि सर्व्हर बेपत्ता. आठवड्याने परतून टीव्ही जोडला तर पडद्यावर १ जानेवारीची भलतीच तारीख आणि ‘एफ१ दाबा’. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल मेला होता. तो मेला की घड्याळ जातं, कित्येक मशीनवर सेटिंगही पुसली जातात, आणि मशीन कुणीतरी बटण दाबेल म्हणून ताटकळत बसतं. जुनं मशीन घेतलंत तर सेल न विचारता बदला.

राउटरच्या मिनी यूपीएसवर सर्व्हर चालवायचा बेत असेल तर आधी ॲडाप्टरवरचे व्होल्ट वाचा. बरेच एन१०० १२ व्होल्टवर चालतात, ऑफिसवाल्यांना १९-२० लागतात. १२ व्होल्टवाल्यांतही पिनची जाडी ५.५/२.१ मिमी की ५.५/२.५ मिमी हे बघा. यूपीएस २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॅटचा असेल तर रिकामं मशीन सुखाने चालतं, पण सुरू होतानाच्या झटक्याला बंद पडू शकतं.

म्हणून डेटा टाकण्याआधीच एकदा मॉनिटर आणि कीबोर्ड काढा, भिंतीवरचं बटण बंद करा, मिनिटभर थांबा, परत लावा आणि दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून पिंग करा, म्हणजे सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो का बघा. काही मशीन मॉनिटरशिवाय उठायलाच तयार नसतात. त्यांच्यासाठी मॉनिटर जोडल्याचा भास करून देणारा एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, दोन-तीनशे रुपयांत.