म्हातारपणी एकच किडनी: ती कशी जपायची

एक किडनी काढली की उरलेली आकाराने वाढते आणि बरंचसं काम अंगावर घेते. किडनी दान केलेले कित्येक जण म्हातारपणापर्यंत ठणठणीत असतात. पण सत्तरीत त्यावर मधुमेह, रक्तदाब आला की सांभाळायला हवं.

आधी रिपोर्ट नीट वाचा. नुसतं क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) पाहून ‘नॉर्मल आहे’ म्हणू नका. क्रिएटिनिन 1.2 असलेल्या पंचविशीतल्या तरुणाचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) साधारण 86 येतो. तेच 1.2 पंचाहत्तरीच्या आजींचं असेल, तर येतो 47! म्हणून ईजीएफआर मागून घ्या आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणीही करा. ती बरेचदा राहून जाते. एका आकड्याने घाबरू नका. एकाच किडनीवर ईजीएफआर थोडा कमी असणारच. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घसरतोय का ते बघा. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा.

आता घरातला गोळ्यांचा डबा उघडा. गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, हा माझ्या मते सगळ्यात मोठा धोका, कारण ‘साधी दुखण्याची गोळी’ म्हणून डॉक्टरांना ती कुणी सांगतच नाही. ती बाजूला काढा. पॅरासिटामॉल चालेल का, किती, हे विचारून ठेवा. ओळखीतून आलेली भस्मं, काढेही नकोत. सीटी स्कॅनला डाय (शिरेतून देतात ते औषध) देणार असतील, तर ‘एकच किडनी आहे’ हे आधीच सांगा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर वाट पाहू नका. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीला रक्त कमी पोचतं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन तेवढ्यापुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मीठ दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. भाजी अळणी करून वर पापड-लोणचं खाल्लं तर उपयोग काय? ‘लो सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर शहाळंही नको. डाळ, दूध, अंडं स्वतःहून तोडू नका, म्हातारी माणसं त्याने खंगतात. पाणी किती प्यायचं, हे पायाला सूज आहे का, त्यावर डॉक्टर ठरवतील.

आजार बराच पुढे गेला असेल, तर ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपा. सलाईन, रक्त काढणं शक्यतो दुसऱ्या हातावर, किंवा तळहाताच्या मागच्या शिरेतून. उद्या डायलिसिससाठी फिस्टुला (हातातली शीर धमनीला जोडणं) करायची वेळ आली, तर त्याच शिरा लागतात.

आणि लघवी अचानक बंद झाली किंवा अगदी थेंब थेंब होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. खडा अडकला किंवा प्रोस्टेट वाढून वाट तुंबली, तर काम सांभाळायला दुसरी किडनी नाही. रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालयात न्या.