नैरोबीला निघण्याआधी

ठाण्याच्या नौपाड्यातली आमच्या शेजारची मुलगी नोकरीसाठी नैरोबीला निघाली, तेव्हा तिची बॅग आम्ही दोनदा भरली. तिच्या आईने बॅगेत नुसते सुती कपडे भरले होते. मी तिथे तीन वर्षं काढलीत, म्हणून सांगते : शहर विषुववृत्ताजवळ असलं तरी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. जुलैत सकाळी स्वेटर लागतोच. नाव पडलं तेही मसाई भाषेतल्या ‘थंड पाणी’ या अर्थाच्या शब्दांवरून.

भाजणी, मेतकूट स्टीलच्या डब्यात भरा. केनियात २०१७पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. सामानात कापडी पिशव्याच ठेवा.

वेळ ठरवताना नीट विचारून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण खरे सकाळचे आठ! बाकी भाषेला घाबरू नका. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, चहाला ‘चाय’, आणि चपाती तर चपातीच.

पहिल्या सुट्टीला रेल्वे म्युझियम बघा. मोंबासाहून निघालेले रूळ १८९९मध्ये या दलदलीच्या माळावर पोचले, तिथे तळ पडला आणि त्याचंच शहर झालं. ते रूळ टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते; अडीच हजारांच्या आसपास तिथेच मरण पावले. १८५३ची पहिली गाडी ठाण्याला आली म्हणून आपल्याला केवढा अभिमान! पण म्युझियममधल्या जुन्या इंजिनाला हात लावला, तेव्हा मला ते मजूरच आठवले. तुम्हीही तिथे थोडं थांबा.