इंजिन बांधायचं की नवं घालायचं? मे संपायच्या आत तपासा

मे संपत आला की गोव्यातल्या मालीमच्या मासेमारी जेटीवर मला दिवसाला दोन-तीन पात्रांव (बोटमालक) तरी अडवतात. "मेस्त, यंदा बांधूया काय नवं घालूया?" बांधणं म्हणजे जुनंच इंजिन उघडून, झिजलेले भाग बदलून परत जुळवणं. मी विचारतो, "बोट अजून किती वर्षं चालवणार?" बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. इंजिनाचा निर्णय खरं म्हणजे तिथूनच सुरू होतो.

मी मोरजीचा. एकतीस वर्षं मेस्त, म्हणजे मेकॅनिक, म्हणून बेती-मालीमच्या काठावर डिझेल इंजिनं उघडतोय. हाताखालून गेलेली बहुतेक सहा सिलिंडरची, शंभर-एक अश्वशक्तीची, ट्रॉलरमधली. खालचं सगळं त्यांच्याबद्दल आहे. होडीच्या मागे टांगतात त्या आउटबोर्डचा हिशेब वेगळा, त्यात मी पडत नाही.

लाकडी बोट असेल तर इंजिनाला हात लावण्याआधी इंजिनखोलीतल्या फळ्या उचला. इंजिन ज्या दोन लांब लाकडांवर बसतं, त्या फाउंडेशनमध्ये स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. बोल्टाच्या आजूबाजूला डिझेल आणि खारं पाणी मुरून लाकूड कुजतं. वरून रंग छान असतो, पण टोक लोण्यात गेल्यासारखं आत जातं. तसं झालं तर आधी सुताराला बोलवा. ज्या बोटीचे दोन-तीनच मोसम उरलेत तिच्यात नवं इंजिन घालणं म्हणजे पडक्या घराला सागवानी दरवाजा. नवं इंजिन पुढच्या बोटीत काढून घालता येतं, हे खरं. पण तसं म्हणणारे पुष्कळ भेटले, करणारा एकच भेटला.

बोट धड असेल तर इंजिनाकडे वळा, आणि ते चालू असतानाच. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोट काठाला ओढली, की इंजिन काही सांगत नाही. जाळं पाण्यात असताना, ओढीखाली असताना काय होतं ते बघायचं. म्हणून मी एप्रिल-मेमध्ये बोट चालवणाऱ्या तांडेलाबरोबर एक फेरी मारतो.

धुराचा रंग सगळ्यांना माहीत असतो, अर्थ अर्धाच माहीत असतो. काळा धूर दिसला की लोक म्हणतात इंजिन संपलं. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, एवढंच. नोझल (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) थेंब टाकत असतील, हवेचा फिल्टर तुंबला असेल, नाहीतर बोटीच्या तळाला आणि पंख्याला (प्रोपेलरला) शिंपलं धरून इंजिनावर बोजा आला असेल. यात इंजिन उघडायचं कारण नाही. डिझेलचा पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला (तपासून, माप जुळवून घ्यायला) पाठवा, तळ खरवडा, मग परत बघा. निळा धूर मात्र ऑइल जळल्याचा. तो ओढीखाली सतत येत असेल आणि रोज ऑइल भरावं लागत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) गेले. पांढरा धूर थंड इंजिनातून सकाळी आला तर सोडून द्या. गरम झाल्यावरही राहिला आणि टाकीतलं पाणी कमी होत असेल, तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) किंवा त्याखालचं गॅस्केट बघायला हवं.

माझी आवडती चाचणी फुकटची आहे. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा आणि तेच भोकावर उलटं, सैल ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून बाजूला पडलं तर पिस्टनजवळून दाब खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) येतोय. (झाकण उडून बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या खळग्यात, जातं आणि मग अर्धा तास शोधावं लागतं, म्हणून सुतळी बांधून ठेवा.)

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. सगळी नोझल काढून, बॅटरी भरलेली, इंजिन गरम, आणि सहाही सिलिंडरचे आकडे वहीत. मॅन्युअलमधला आकडा महत्त्वाचा आहेच, पण मी आधी सहांमधला फरक बघतो. सगळे सारखेच थोडे खाली असतील तर ते म्हातारपण, बांधून सुधारतं. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तिथे काहीतरी तुटलंय, जळलंय किंवा चिरलंय, आणि ते उघडल्याशिवाय कळणार नाही. ऑइलचा दाब गरम इंजिनावर, स्लो ठेवून बघा. केबिनमधल्या काट्यावर विश्वास ठेवू नका. ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य लोखंडी अंगाला) साधा मेकॅनिकल गेज लावून खात्री करा.

डिझेलचा हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नका. सत्तर अश्वशक्तीवर चालणारं इंजिन तासाला साधारण १४ लिटर डिझेल घेतं. थकलेलं इंजिन दहा टक्के जास्त खात असेल तर तासाला जवळजवळ दीड लिटर वाया. मोसमात २,००० तास धरले तर २,८०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी अडीच लाख झाले. पण हा फरक कॅलिब्रेशन आणि तळ साफ केल्यानंतरचा मोजा. नाहीतर नोझलचा दोष इंजिनाच्या माथी मारून तुम्ही नवं इंजिन घ्याल, आणि एक वर्षाने तेही तेवढंच पिऊ लागेल.

एवढं करूनही शंका उरली तर इंजिन उचलून चेंबर उतरवायचं. जागेवर खाली हातच जात नाही, त्यामुळे बहुतेक वेळा चेन-ब्लॉक लावावाच लागतो. उघडायचा खर्च आणि बांधायचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेस्ताशी आधीच बोलून घ्या की उघडून मोजमाप झाल्यावर काम थांबेल, आणि पुढचं तुम्ही हो म्हटल्यावरच. मी स्वतः हे सांगतोय, कारण उघडलेलं इंजिन समोर पडलेलं असताना कोणताही मालक "करून टाक" म्हणतो.

उघडल्यावर मी आधी क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगच्या वाट्या बघतो. चांगली वाटी एकसारखी मळकट करड्या रंगाची असते. वरचा थर झिजला की आतून तांब्याचा रंग डोकावतो. नख ओढलं आणि ओरखडे अडले तर ऑइलमधून कचरा फिरलाय. वाट्या स्वस्त, त्या बदलतातच. प्रश्न क्रँकचा. तो ग्राइंड करून ०.२५, ०.५०, ०.७५, शेवटी १ मिलिमीटरपर्यंत कमी करता येतो, त्या मापाच्या वाट्या मिळतात. जुन्या वाटीच्या पाठीवर माप कोरलेलं असतं. तिथे १.०० दिसलं तर क्रँकचं आयुष्य वापरून झालंय. नवा क्रँक घ्यावा लागला की पारडं बदलायच्या बाजूला झुकतं. ग्राइंडिंगला देण्याआधी लाल रंग मारून चीर तपासून घ्या. पुसून वर पांढरी पावडर फवारली की चिरेतून लाल रेघ उमटते.

क्रँकपेक्षाही मला ब्लॉकची भीती वाटते, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या ट्रॉलरचं इंजिन बांधत होतो. जुलैची पंचवीस-सव्वीस तारीख, लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं आणलेलं. लायनरच्या खालच्या बाजूला जिथे रबरी रिंग बसते, तिथे ब्लॉकची कडा बोटाला खडबडीत लागली. चौथ्या सिलिंडरला तर नख अडकण्याइतका खड्डा. वर्षानुवर्षं थेट खाऱ्या पाण्यावर थंड केलेलं इंजिन, लोखंड खाऊन टाकलेलं. मला दिसलं. मी सिलिकॉन लावलं आणि लायनर ठोकला, कारण १ ऑगस्टला बोट निघायची होती. नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या फेरीत, आग्वादच्या बाहेर, दाबाचा काटा खाली आला. डिपस्टिक काढली तर दूध घातलेल्या चहाचा रंग, ऑइलमध्ये पाणी शिरलेलं. दुसऱ्या ट्रॉलरने ओढून आणलं. नवे लायनर, नव्या वाट्या, क्रँक, सगळं परत. मेव्हण्याने चवथीला घरी बोलावलं, पण जेवताना एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून नख अडकलं की मी थांबतो. ती कडा बुश (धातूचं कडं) बसवून वाचवता येते, पण त्यासाठी चांगला बोरिंगवाला (ब्लॉकचं मशीनकाम करणारा) लागतो आणि वेळ लागतो. सहापैकी एका जागी असेल तर करा. तीन-चार जागी असेल तर ब्लॉक भंगारात.

आता आकडा. बांधायच्या अंदाजात मी नेहमी तिसरा हिस्सा वर धरतो, कारण हेड प्लेन करायला पाठवलं की व्हॉल्व्ह सीट निघते, पाण्याचा पंप उतरवला की त्याची बॉडी गळते. ही रक्कम नवं इंजिन बसवून समुद्रात जाईपर्यंतच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी असेल आणि क्रँक-ब्लॉक धड असतील, तर बांधा. निम्म्याच्या वर गेली तर नवं घ्या. हा माझा नियम, शास्त्र नव्हे.

"बसवून समुद्रात जाईपर्यंत" हे शब्द मुद्दाम लिहिले. दुकानदार इंजिनाचा भाव सांगतो, बसवायचा नाही. नव्या इंजिनाचे मिनिटाचे फेरे जास्त असतात. मग जुन्या गिअरबॉक्सचा रेशो जुळत नाही, तो बदलला की पंख्याचा व्यास आणि पिच (पात्यांचा तिरकेपणा) बदलतो. पंखा जड झाला तर पूर्ण रेस देऊनही इंजिन कंपनीने दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही, काळा धूर सोडतं आणि नवं कोरं इंजिन दोन मोसमांत जुनं होतं. शिवाय फाउंडेशनची रुंदी, सायलेन्सरचा पाइप, केबिनचं छप्पर कापून परत बसवणं. इंजिन हलकं असेल तर बोट नाकावर किंवा शेपटीवर बसते, तेही बघा.

ट्रकचं भंगारातलं इंजिन आणून घालणारे आहेत. स्वस्त पडतं, कधी चालतंही. पण गाडीचा रेडिएटर बोटीत नसतो. पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि हीट एक्स्चेंजर किंवा तळाचा कूलिंग पाइप हे सगळं वेगळं घ्यावं लागतं, आणि ते घेतल्यावर स्वस्त उरत नाही.

बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यात बोरिंगवाल्याकडे रांग लागते, पावसात माल उशिरा येतो. म्हणून चाचण्या एप्रिल-मेमध्ये, इंजिन बंदीच्या पहिल्या दिवशी बाहेर, आणि बांधायचं की बदलायचं हे १५ जूनच्या आत. त्या तारखेनंतर नवं घालायचा विचार आला तर यंदा बांधून घ्या. घाईत बसवलेलं नवं इंजिन मी जास्त वाईट मानतो.

नवं घेणार असाल तर पैसे देण्याआधी मत्स्योद्योग खात्यात चौकशी करा. बोटीच्या नोंदणीत इंजिन नंबर आणि अश्वशक्ती असते. ती बदलली तर नोंद बदलावी लागते, विमाही.

काही झालं तरी शेवटचं काम एकच, आणि तेच लोक टाळतात. शाफ्ट आणि गिअरबॉक्सची कपलिंग बोट काठावर असताना जुळवून सोडू नका. लाकूड पाण्यात गेल्यावर आकार घेतं. बोट पाण्यात दोन दिवस राहू द्या, मग कपलिंगचे बोल्ट सैल करून चारी बाजूंनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. फरक ०.१० मिलिमीटरच्या आत आला की आवळा. पहिले पन्नास तास इंजिन उगाच स्लोवर ठेवू नका, रिंगा बसत नाहीत. मध्यम ओढ द्या, पूर्ण रेस नको. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदला, आणि निघालेलं ऑइल फेकण्याआधी पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात चमक दिसते का ते उन्हात धरून बघा.