पाडलेला वाडा चित्रात कसा शोधावा

आयुष्य नकाशे काढण्यात गेलं, त्यामुळे चित्र बघतानाही हात पट्टीकडे जातो. व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो यानं १७५२ मध्ये रंगवलेलं लंडनचं नॉर्थम्बरलँड हाउस मोठ्या प्रिंटवर हाती आलं, तेव्हा मी थेट वाड्यालाच भिडलो आणि तासाभरात वैतागलो. वाडा १८७४ मध्येच पाडलाय; आजच्या नकाशात मिळणार कुठून?

म्हणून पडलेलं सोडा, उभं आहे ते धरा. इथे तो पहिल्या चार्ल्स राजाचा घोड्यावरचा पुतळा. १६७५ मध्ये वाड्याजवळच्या चेअरिंग क्रॉस चौकात बसवला. (दुसऱ्या महायुद्धात सुरक्षित जागी नेला होता, पण परत आपल्या जागी आला.) नकाशावर त्याच्यापाशी खूण करा. चित्रात डावीकडे आत जाणारा रस्ता म्हणजे स्ट्रँड. पुतळा आणि स्ट्रँड जुळले की वाड्याची जागा कळते: आजच्या नॉर्थम्बरलँड ॲव्हेन्यूचं तोंड. त्या रस्त्यासाठीच वाडा गेला.

मग प्रिंटवर ट्रेसिंग पेपर टाका आणि छपराच्या, खिडक्यांच्या कडा पट्टीनं लांबवा. एकाच जागेवरून पाहिलेलं असेल, तर एका भिंतीच्या दूर जाणाऱ्या समांतर कडा एका बिंदूत मिळायला हव्यात. कानालेत्तो वेगवेगळ्या जागांवरून पाहिलेलं एकाच चित्रात बेमालूम बसवायचा, तेव्हा रेषा एका बिंदूत आल्या नाहीत तर पेन्सिलीला दोष देऊ नका. कशाशेजारी काय, एवढ्यापुरता त्याच्यावर विश्वास ठेवा. फुटाइंचाची मापं मात्र काढत बसू नका. शिवाय चित्र काढून घेणारा खुद्द वाड्याचा मालक, वाडा नुकताच नटवलेला. रस्ता ऐसपैस दिसणारच!

ऊन तपासा. वाडा स्ट्रँडच्या दक्षिणेला, दर्शनी भिंत वायव्येकडे. लंडनमध्ये अशा भिंतीवर थेट ऊन येतं ते दुपार कलल्यावर. सावल्यांची दिशा त्याच्याशी पडताळा.

मला सगळ्यात आवडतात त्या पाट्या. भिंग घ्या आणि डावीकडे गोल्डन क्रॉस या सराईची टांगलेली पाटी बघा. घरांना तेव्हा नंबर नव्हते; पत्ता सांगायचा तो पाटीवरून. १७६२ नंतर अशा टांगत्या पाट्या उतरवायला लावल्या. त्यामुळे तारीख नसलेल्या चित्रात भिंतीबाहेर झुलणाऱ्या पाट्यांची गर्दी दिसली, तर ते बहुधा त्याआधीचं.

शेवटी दरवाजावरचा सिंह. वाड्याच्या मालकांचं घराणं पर्सी; त्यांचा हा सिंह वाड्याबरोबर मोडीत निघाला नाही. लंडनच्या पश्चिमेला ब्रेंटफर्डमधल्या त्यांच्याच सायन हाउस या वाड्यावर चढवला. त्याचा फोटो प्रिंटशेजारी ठेवा आणि आधी शेपूट बघा.