पुरानंतर गावात प्रदर्शन भरवायचं असेल तर

पूर ओसरतो, पंचनामे होतात, मदतीचे ट्रक येऊन जातात आणि मग कोणीतरी म्हणतं आपण एखादं कलाप्रदर्शन भरवूया, लोकांना जरा उभारी येईल. कल्पना चांगली आहे आणि लोक म्हणतील की इथं संसार वाहून गेलेत आणि ह्यांना चित्रं सुचतायत, तरी मागं हटू नका, कारण किट वाटून संपली की माणसाला आपलं म्हणणं ऐकायला कोणीतरी लागतं आणि ते काम प्रदर्शन फार चांगलं करतं.

आधी वेळ ठरवा. केरळात ऑगस्ट 2018 मध्ये महापूर आला, चारशेच्या वर माणसं गेली, आणि त्याच वर्षी 12 डिसेंबरला कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, ठरल्या तारखेला सुरू झालं, क्युरेटर, म्हणजे काय मांडायचं ते ठरवणाऱ्या, होत्या अनिता दुबे. म्हणजे मध्ये साधारण चार महिने. मला हे अंतर बरोबर वाटतं, तोवर घरं धुवून भिंती वाळलेल्या असतात, पोरं शाळेत जायला लागलेली असतात आणि बाहेरच्यांचं लक्ष उडालेलं असतं, आणि खरी गरज तेव्हाच असते. पण वस्तू गोळा करणं मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू करायला पायजे, नाहीतर सगळं जेसीबीनं कचऱ्यात जातं.

आता ठेवायचं काय. उगवता सूर्य, हातात रोपटं, जोडलेले हात असली चित्रं मागवू नका प्लीज. ज्याच्या घरात छातीभर पाणी होतं त्याला ती बघून काही वाटत नाही. कोचीच्या त्या बिएनालेत बांगलादेशच्या कलाकार मार्झिया फरहाना ह्यांनी पूरग्रस्त घरांतनं खराब झालेल्या वस्तू जमवल्या, घरगुती उपकरणं, फर्निचर, पुस्तकं, आणि ते सगळं छताला टांगून ठेवलं, म्हणजे बघणारा त्या सामानाच्या खालून चालतो. तुम्हाला एवढं मोठं जमणार नाही, गरजही नाही, पण आपल्याच गावातल्या वस्तू वापरायच्या हे सूत्र तिथनंच घ्या.

दुसरं उदाहरण मला ह्याहून जवळचं वाटतं. केरळातच एर्नाकुलम जिल्ह्यात चेंदमंगलम म्हणून विणकरांचं गाव आहे, त्याच पुरात तिथला ओणमच्या सणासाठी तयार ठेवलेला हातमागाचा माल सगळा चिखलात गेला. डिझायनर लक्ष्मी मेनन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ पारयिल ह्यांनी त्यातल्या साड्या घेतल्या, क्लोरीननं धुवून उकळून घेतल्या आणि त्याच्या छोट्या बाहुल्या करायला सुरुवात केली, नाव चेकुट्टी. डाग तसेच ठेवले, मुद्दाम. तेव्हाचा हिशोब असा की तेराशे-पंधराशेला जाणाऱ्या एका साडीतनं 360 बाहुल्या निघतात, 25 रुपयाला एक, म्हणजे 9000 रुपये, आणि तो पैसा विणकरांकडे. ठिकठिकाणी लोकांनी बसून बाहुल्या बांधल्या. प्रदर्शनात असा एक कोपरा पायजेच जिथं लोक हातानं काहीतरी करतील आणि त्याचे पैसे नुकसान झालेल्या कारागिराला जातील. आपल्याकडं हे लगेच जमण्यासारखं आहे. कोल्हापुरात 2019 ला पंचगंगेचं पाणी कुंभार गल्ल्यांत शिरलं तेव्हा गणपती तोंडावर होते. अशा मूर्तिकारांना बोलवा, मूर्ती घडवून दाखवू देत, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, नुसता नारळ आणि शाल नको.

फोटोंचं काम सगळ्यात नाजूक. जपानमध्ये मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर यामामोतो ह्या किनाऱ्यावरच्या गावात साडेसात लाखांच्या आसपास फोटो चिखलातनं मिळाले, स्वयंसेवकांनी ते धुतले, स्कॅन केले, मालक शोधले. जे फोटो इतके गेले होते की चेहरेच उरले नव्हते त्यांचं प्रदर्शन मांडलं, टोकियोत आणि मग अमेरिकेतसुद्धा. कडेला थोडासा हात, साडीसारखा एखादा रंगाचा पट्टा, मध्ये पांढरं, असे फोटो आपल्याही घरोघरी निघतात.

ते धुवायची पद्धत सांगतो. हातमोजे आणि मास्क घाला, पुराच्या गाळात गटाराचं पाणी असतं. एकमेकाला चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायचे, हळूहळू आपोआप सुटतात. चित्राच्या बाजूला बोट किंवा ब्रश लावायचा नाही, पाणी बदलत राहायचं, मग कडेला चिमटा लावून दोरीवर सावलीत वाळवायचे, उन्हात वळतात. फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट ठेवा. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई पसरते. आणि ढीग मोठा असेल, लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी थांबते.

प्रत्येक वस्तूमागे एक वही लागते. कोणाची, कुठल्या गल्लीतली, फोन नंबर, नाव लावायचं की नाही, परत पायजे की नको, आणि सही. नाव नको म्हणाले तर नको, समजवायला जाऊ नका. माणूस गेलेल्या घरातनं वस्तू मागायची नाही, त्यांनी स्वतःहून आणून दिली तरच. शेजारच्या पाटीवर मालकाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, बोलीत असेल तर बोलीत, "पानी हितवर आलतं" असंच. ते सुधारून पुस्तकी केलं की त्यातला माणूस निघून जातो.

जागा शक्यतो अशी घ्या जिथं पाणी आलं होतं. शाळा, वाचनालय, मंगल कार्यालय, काही चालेल. भिंतीवरची पाण्याची खूण रंगवून टाकू नका, उलट तिथं साल लिहा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर गेलं ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, चिपळूणला 2005 आणि 2021 चे दोन्ही पूर सांगणारी माणसं भेटतात, तर त्या रेषेच्या खाली वाचलेल्या वस्तू आणि वर मुलांची चित्रं असं मांडलं तर वेगळं डेकोरेशन लागत नाही. पुराचे व्हिडिओ आवाजासकट हॉलमध्ये लूपवर लावू नका, लहान पोरं त्या आवाजानं अजून दचकतात. लावायचेच तर वेगळी खोली आणि दारावर पाटी. नेत्यांचे फ्लेक्स गेटच्या आत येऊ देऊ नका, ह्यावर कमिटीत आधीच ठराव करून घ्या.

पैशाचं आधी जाहीर करा. कोचीत बिएनाले फाउंडेशननं सॅफ्रनआर्ट ह्या कलावस्तूंचे लिलाव करणाऱ्या संस्थेबरोबर जानेवारी 2019 मध्ये कलाकृतींचा लिलाव केला, पैसे मुख्यमंत्र्यांच्या मदतनिधीला. छोट्या गावात पेटी ठेवली तर रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजा आणि आकडा दारावरच्या फळ्यावर लिहा.

शेवटच्या दिवसासाठी टेम्पो आधीच सांगून ठेवा आणि वहीप्रमाणे वस्तू घरपोच करा, सही घ्या. ज्या फोटोंचे मालक मिळाले नाहीत ते रद्दीत न टाकता स्कॅन करून, जाड कागदात घालून वाचनालयात ठेवायला द्या, पेटीवर गावाचं नाव आणि पुराची तारीख लिहा, आणि पेटी वरच्या मजल्यावर ठेवायला सांगा.