मॅनहोलच्या तोंडाशी २०.९

माझ्या पहिल्या शटडाऊनला, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेव्हा, मी एका टाकीवर होल वॉच होतो, म्हणजे बाहेर थांबून आत उतरलेल्यावर लक्ष ठेवणारा. मॅनहोल उघडलं, गॅस मोजायचा मीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरला, ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला आणि मी तोच आकडा परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवान्यावर, लिहून टाकला. फिटर शिडीच्या निम्म्यावर पोचतो न पोचतो तोच त्याच्या छातीवरचा मीटर कोकलायला लागला. तो धडपडत वर आला. त्याला बाहेर ओढताना माझ्या हातांना सुटलेला कंप अजून आठवतो.

मग मीटरची नळी तळापर्यंत सोडली. १६.८! टाकी कित्येक महिने बंद होती आणि आतल्या ओल्या पत्र्याला गंज चढत होता. गंज ऑक्सिजन खातो. मॅनहोलपाशी तेवढी बाहेरची हवा शिरली होती.

म्हणून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा. आणि थांबा. बहुतेक नवखे इथेच फसतात. पंपाने ओढलेली तळातली हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो, नळी लांब तितका जास्त. त्यावर आकडा स्थिर व्हायला आणखी वेळ. नळी टेकताक्षणी दिसतो तो वरच्याच हवेचा आकडा. नळीच्या दर मीटर लांबीला किती सेकंद हे गॅस मीटरच्या मॅन्युअलमध्ये असतं. मी घड्याळ लावून थांबतो, मागे कोणी कितीही घाई करो. ऑक्सिजन आधी बघा, कारण तो कमी असला की ज्वलनशील गॅसचा नेहमीचा सेन्सरही कमी दाखवतो. १९.५ च्या खाली कोणालाही उतरवू नका.

जो सीनियर टेबलाशी बसून परमिट भरतो, त्याच्याकडून हे काम शिकू नका. माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्यांदा उतरताना धडधडणारच, त्यात कमीपणा नाही. मीटर, हार्नेस, लाइफलाइन आणि वर जागा माणूस असेल तर हे काम नीट होतं. पण होल वॉच असाल तर आतला माणूस कोसळला तरी मागोमाग उडी घ्यायची नाही. अलार्म द्या, मॅनहोलवरच्या ट्रायपॉडच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळायच्या यंत्राने, ओढा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय, अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंत ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेलेच असतात.

जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा टेस्ट करा. गाळ उपसायचा असेल तर मीटर सतत चालू ठेवा. ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो वाढला की नाकाला वासच येईनासा होतो.